गोळी जड झाली

"पोट साफ झालं का?"

नोकरीच्या शेवटच्या पंधरा वर्षांत माझा दिवस या प्रश्नाने सुरू झाला. सकाळी सातला ड्यूटीवर यायचं, हात धुवायचे आणि खाटेखाटेपाशी जाऊन हेच विचारायचं. गेल्या वर्षी निवृत्त झालो, पण जिभेला अजून कुणी निवृत्त केलेलं नाही. मध्यंतरी मुलीच्या सासरची मंडळी मुक्कामाला होती. सकाळी चहाचा कप हातात देता देता मी व्याह्यांना विचारून बसलो. आमच्या हिने स्वयंपाकघरातून असं काही पाहिलं की पुढचं बोलणं मी गिळून टाकलं. व्याही मात्र मोकळा माणूस. म्हणाले, दोन दिवस झाले नाही हो. तेव्हापासून आमचं फार छान जमतं.

मी नर्स. पुरुष असल्यामुळे 'ब्रदर'. नाशिकच्या एका रुग्णालयातल्या मनोविकार विभागात आहेर ब्रदर म्हणून मला सगळे ओळखत. माझा सख्खा धाकटा भाऊ मला उभ्या आयुष्यात कधी दादा म्हणाला नाही, पण परक्यांनी इतकी वर्षं रोज भाऊ म्हणून हाक मारली, तेव्हा हिशेब बरोबर झाला. आम्ही मूळचे देवळ्याचे, घरचा कांदा. मुलगा नर्स होणार हे वडिलांना काही केल्या पचलं नाही. ते गावात सांगायचे, पोरगा नाशिकला दवाखान्यात साहेब आहे. गावातलं कुणी माझ्याकडे आलं की मला बेडपॅन घेऊन जाताना बघायचं आणि अवघडून दुसरीकडे पाहायचं.

आमचा वॉर्ड बारा खाटांचा, जरा वेगळा. स्किझोफ्रेनिया हा शब्द आता पेपरात वाचून लोकांना माहीत झालाय, पण अर्थ भलताच लावतात. एका माणसात दोन माणसं वगैरे काही नसतं. आजूबाजूला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टींची खात्री पटते, आणि हळूहळू उठणं, अंघोळ, चार शब्द बोलणं हेच डोंगराएवढं होतं. बहुतेकांना औषधांनी उतार पडतो. काहींना मात्र एक औषध पुरेशा डोसात पुरेसे आठवडे दिलं, मग दुसरं दिलं, तरी आवाज जागचे हलत नाहीत. बाकी सगळ्यांनी हात टेकले की ती माणसं आमच्याकडे यायची. माझे जावई विचारतात, तुम्हाला भीती नाही वाटायची का? वाटायची ना, त्यांच्या नातेवाइकांची. पेशंट बिचारे स्वतःच घाबरलेले असत.

आमच्याकडे या लोकांसाठी एक औषध होतं, क्लोझापिन. जिथे काही चालत नाही तिथे हे चालतं, सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. पण त्याचे नखरे असे की नव्या नवरीचे परवडले. क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात, मग साधा घसा दुखला तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिले साडेचार महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि पुढे महिन्याला. झोपेत लाळ इतकी गळते की उशीवर टॉवेल घालावा लागतो. डोस जास्त झाला तर फिट येते. आणि पोट तुंबतं. हसू नका, तुंबलेल्या पोटाने माणूस जातो. तेव्हा सकाळचा तो प्रश्न उगाच नव्हता.

पण औषध कितीही गुणाचं असलं तरी आधी ते पोटात जायला हवं. आमच्या धंद्यातली खरी मेख तीच. नांदगावच्या एका शाळेतल्या बाई आमच्याकडे होत्या. शेजारीण कुकरच्या शिट्टीबरोबर आपले विचार ओढून घेते, असं त्यांना अकरा वर्षं वाटत होतं. कुठल्याही औषधाने फरक नाही, म्हणून त्या आमच्याकडे आल्या. शिस्तीच्या इतक्या की गोळी घेतल्यावर स्वतःहून तोंड उघडून दाखवायच्या आणि वर मला विचारायच्या, "दिसलं नीट?" मला ते 'नीट' खटकलं. चौथ्या दिवशी मी शेवंतामावशींना त्यांचं लुगडं झटकायला सांगितलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया, हाताने काम आणि तोंडाने समाचार. पदराच्या शेवात घरच्या आणि आमच्या मिळून छत्तीस गोळ्या शिवलेल्या निघाल्या, तुरपाई इतकी सुबक की मावशींनी तिचं कौतुक केलं. म्हणजे बाईंना औषध लागू पडत नव्हतं असं नाही, ते त्यांच्या पोटात गेलंच नव्हतं. नीट घेतल्यावर साध्याच औषधाने त्या सुधारल्या आणि पुढे मला दर वर्षी माझ्या उत्तरांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून पत्रं पाठवत राहिल्या.

त्या दिवसापासून माझं नाव झालं. गोळी गालात आहे की जिभेखाली, हे आहेर ब्रदर लांबून ओळखतात, असं नवीन सिस्टर एकमेकींना सांगायच्या. मलाही ते आवडायचं, कशाला खोटं बोलू. पेशंट गोळीबद्दल काही कुरकुरला की मी मनात म्हणायचो, आला बाईंच्या वाटेवर. माझ्या हातून जी चूक झाली ती या फुशारकीच्या पोटीच झाली, म्हणून हे आधी सांगितलं.

देवराम सुरगाण्याकडचा. तिशीचा असेल, पण आला तेव्हा वय सांगता येत नव्हतं, इतका वाळलेला. जीपमधून त्याला बहिणीने, हिराबाईने, जवळजवळ उचलूनच उतरवलं. पायात साखळीचे वळ होते. ते कुणी केले असं मी विचारलं नाही, कारण वळ करणाराच बहुधा सोबत आलेला असतो आणि त्याच्याकडेही दुसरा उपाय नसतो. इथे तो चुलता होता, खांद्यावर टॉवेल, नजर जमिनीकडे.

मी हिराबाईला विचारलं, ताई, जेवतो का? तिची बोली मला निम्मीच कळायची, इथे माझ्या पद्धतीने लिहितो. ती म्हणाली, "चार घासांच्या वर खाऊ देत नाय तो."

"कोण?"

"त्याच्या कानातला."

झालं होतं असं. देवरामला आठ वर्षं एका पुरुषाचा आवाज ऐकू यायचा. तो आवाज त्याचे घास मोजायचा. एक, दोन, तीन, चार. पाचव्या घासात विष आहे, असं सांगायचा. देवराम रोज चार घास खायचा आणि ताट सारायचा. बहिणीने युक्त्या करून पाहिल्या, भाकरीचे मोठे घास केले, तर आवाज म्हणायचा हे दोन धरले. मार दिला, भगत झाले, देव झाले, दोन दवाखाने झाले. दोन औषधं नीट देऊन झालेली होती, चिठ्ठ्या होत्या, हिराबाई स्वतः समोर बसून गोळी द्यायची. वजन अडतीस किलो. आमच्या मॅडमनी, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांनी, फाईल मिटली आणि म्हणाल्या, "आहेर, याला क्लोझापिन. हे नाही चाललं तर माझ्याकडे पुढे काही नाही."

सुरुवात चिमूटभर डोसाने करतात आणि पायरी पायरीने चढवतात. दर सोमवारी देवरामचं रक्त, रोज ताप, नाडी, रक्तदाब आणि तो माझा लाडका प्रश्न. पाच आठवडे काही नाही. मी रोज जेवताना त्याच्यासमोर बसायचो. चार घास, ताट बाजूला. सहाव्या आठवड्यात एका दुपारी त्याने चौथा घास खाल्ला, थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि पाचवा उचलला. शेवंतामावशी वाढत होत्या, त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, बोललो असतो तर सगळंच बिघडलं असतं. त्या दिवशी तो नऊ घास जेवला. नंतर मी विचारलं, आवाज गेला का रे? तर म्हणाला, "हाय. पन मोजायचं इसरतो." मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी तीनदा रडलोय, त्यातली ही एक वेळ.

आता बिडीचं सांगतो.

वॉर्डात तंबाखूला बंदी होती, कागदावर. प्रत्यक्षात आमच्या निम्म्या पेशंटांना बिडीशिवाय दिवस निघत नसे, आणि ती एकदम तोडली तर वॉर्ड डोक्यावर घेत. म्हणून वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत अशी की बिड्यांचे कट्टे औषधाच्या कपाटात कुलपात, किल्ली ब्रदरकडे. नाश्त्यानंतर दोन, दुपारी चारच्या चहानंतर दोन, आणि ज्याला फारच लागते त्याला मधे आणखी. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली बसून ओढायची. वरचे साहेब राउंडला आले की अंगणाकडे बघायचे नाहीत आणि आम्ही दाखवायचो नाही. देवराम दिवसाला दहा-बारा बिड्या ओढायचा.

मला बिडीचा तिटकारा. माझे वडील तिच्यापायी खोकून खोकून गेले. देवराम खायला लागला तसं माझ्या डोक्यात आलं, आता याची बिडी सोडवायची. मी त्याच्या मागेच लागलो. गोड बोललो, रागावलो, वडिलांची गोष्ट सांगितली. आणि एके दिवशी या गड्याने आपल्या हाताने उरलेला कट्टा मला दिला आणि म्हणाला, ठेवा. तो परत मागितलाच नाही. ज्या माणसाने आठ वर्षं कानातल्याचं ऐकलं, त्याने माझं ऐकलं, असं मला वाटलं. मी हवेत होतो.

हे फाईलमध्ये लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही. कागदावर वॉर्डात बिडी नव्हतीच. जी नव्हतीच ती बंद झाली, असं कसं लिहिणार? आणि खरं सांगायचं तर मला महिना पुरा झाल्यावर राउंडमध्ये सगळ्यांसमोर मॅडमना सांगून शाबासकी घ्यायची होती.

पंधरवडा गेला. देवराम सुस्तावला. सकाळी उठवावं लागायचं, चालताना झोक जायचा, लाळ दिवसासुद्धा गळायला लागली. मी म्हटलं, आठ वर्षांची झोप भरून काढतोय, काढू दे. मग एका सकाळी गोळ्या हातात दिल्या तर घेईना. तळहातावर धरून बघत बसला.

"बरदर, गोळी जड झाली."

मी म्हटलं, तीच गोळी आहे, रोजचीच.

"नाय. पयले हलकी व्हती. आता एक घेतली तरी दोन घेतल्यावानी व्हतं."

मला नांदगावच्या बाई आठवल्या. मनात म्हटलं, आला वाटेवर. त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो, गोळ्या घ्यायला लावल्या, तोंड उघडायला लावलं, जीभ वर, गाल बाहेर, सगळं. त्याने निमूटपणे केलं. मी फाईलमध्ये लिहिलं: रुग्ण गोळी घेण्यास टाळाटाळ करतो. तोंड तपासले. लक्ष ठेवावे. खाली ऐटीत सही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या चहाला अंगणात देवरामच्या हातातला कप पडला, मान एका बाजूला फिरली आणि तो आडवा होऊन ताठ झाला. फिट. दुसऱ्या पेशंटच्या भावाने पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली, कुणी कांदा आणा म्हणून ओरडलं. देवळ्याचा माणूस आहे म्हणून खात्रीने सांगतो, कांद्याने फिट थांबत नाही. माणसाला कुशीवर करायचं, डोक्याखाली काही मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. मी ते सगळं केलं. फिट थांबली तेव्हा घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती. हिराबाईला फोन मीच केला.

मॅडम धावत आल्या. संध्याकाळची गोळी थांबवली, रक्त घेतलं. मग फाईल उघडून बसल्या. डोस तोच, किती आठवडे तोच, ताप नाही, रक्त ठीक. म्हणाल्या, "आहेर, गेल्या दोन-तीन आठवड्यांत काय बदललं?"

फाईलमध्ये काहीच बदललं नव्हतं. माझ्या खिशात कपाटाची किल्ली होती. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं का? कळलं नसतं. डोस मानवला नाही असं ठरलं असतं, कदाचित औषधच बंद झालं असतं, आणि देवराम परत चार घासांवर गेला असता. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं आणि तरी तोंड उघडायला मला थोडा वेळ लागला. ती कबुली मी इथे देतो.

"त्याने बिडी सोडलीय मॅडम. सतरा दिवस झाले. मी सोडवली."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. बिडीच्या धुरामुळे यकृत हे औषध भराभर जाळून टाकतं, हे त्यांनी मला पूर्वी एकदा सांगितलंही होतं. धूर थांबला की जाळणं मंदावतं, आणि तीच गोळी अंगात साठत जाते. तंबाखू खाल्ली तर असं होत नाही, ही करामत धुराची. देवरामचा डोस दहा-बारा बिड्यांच्या हिशेबाने ठरला होता. बिड्या गेल्या आणि डोस तसाच राहिला. मला हे ठाऊक होतं, पण परीक्षेत लिहिण्यापुरतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बिडी सोडवलीत हे चांगलं केलंत. मला सांगितलं नाहीत, हे फार वाईट केलंत."

त्या गेल्या आणि मी देवरामच्या खाटेपाशी जाऊन बसलो. तो ग्लानीत होता. मधेच डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाला, "म्या बोललो व्हतो."

रागाने नाही म्हणाला. आठवण करून दिल्यासारखं म्हणाला आणि परत झोपला. मला कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तीन दिवस आधी त्याने निदान सांगितलं होतं, एक घेतली तरी दोन घेतल्यावानी होतं. जगातल्या कुठल्याही डॉक्टरने याहून नेमकं सांगितलं नसतं. आणि मी त्याचं तोंड तपासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई आणि चुलता आले. जीप फाटकाबाहेर उभी, तिला परत जायची घाई. चुलता म्हणाला, घरी कधी झटका आला नव्हता, तुमच्या औषधाने आला, आम्ही नेतो. त्याचं चुकत नव्हतं. मी दोघांना बाकावर बसवलं आणि सांगितलं, औषधाचा दोष नाही, चूक माझी आहे. बिडीचं सगळं सांगितलं. चुलता माझ्याकडे बघत राहिला. दवाखान्यातल्या माणसाने चूक कबूल केलेली त्याने बहुधा पहिल्यांदा ऐकली असावी.

हिराबाईने मला एकच विचारलं. "गोळी थांबलीय. तो परत मोजील का?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, ताई, माहीत नाही. मॅडम आज रात्रीपासून कमी डोसाने परत सुरू करणार आहेत. तोवर काय होतं ते बघू. तुम्ही नाश्त्याला त्याच्यासमोर बसा, मीही बसतो.

हिराबाईने नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणली होती, वर मिरचीचा ठेचा. देवरामने ती पुढ्यात घेतली. आम्ही तिघं समोर. त्याने पहिला घास घेतला, दुसरा, तिसरा. चौथा. मग तो थांबला. पाण्याचा पेला उचलला, सावकाश पाणी प्यायला. आठ वर्षं त्याच्या कानातला जे करत आला तेच आता आम्ही तिघं करत होतो. मग देवराम आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघून म्हणाला, तुम्हाला नाय का खायचं? आणि पाचवा घास मोडला.

त्याने भाकरी संपवली. चुलता उठला, बाहेर गेला आणि जीपवाल्याला जायला सांगून आला.

नंतर मी दोन गोष्टी केल्या आणि त्यासाठी बरीच भांडणं केली. पहिली, चहा-खोलीच्या दारामागे एक पाटी टांगली. तिच्यावर पेशंटांची नावं आणि प्रत्येकाच्या रोजच्या बिड्या. मॅडम राउंड तिथूनच सुरू करायच्या. वरच्या साहेबांनी एकदा ती पाहिली आणि म्हणाले, हे काय, वॉर्डात तर तंबाखूबंदी आहे. मी म्हटलं, आहे ना साहेब, तोवर पाटी राहू द्या, ज्या दिवशी सगळे आकडे शून्य होतील त्या दिवशी मीच काढतो. मॅडम शेजारी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, पाटी राहणार. ती अजून आहे. दुसरी गोष्ट, पेशंट गोळीबद्दल जे बोलेल ते आधी त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपलं मत त्याच्याखाली. नवीन सिस्टरांनी नाकं मुरडली, वेळ जातो म्हणाल्या. मी रोज फाईल तपासायला लागलो. मी किती चिकट आहे हे त्यांना महिन्याभरात कळलं आणि त्यांनी नाद सोडला.

देवराम कमी डोसावर सुधारत गेला. बिडी त्याने परत धरली नाही, एवढं श्रेय मी कुणाला देणार नाही. घरी सोडताना हिराबाईला मी दहादा बजावलं, बिडी परत सुरू केली तरी मारू नका, फोन करा. ताप आला, घसा दुखला, फोन करा. आणि दोन दिवस गोळ्या चुकल्या तर तिसऱ्या दिवशी पूर्ण गोळी देऊ नका, तेव्हा तर आधी फोनच करा. कारण मधे खंड पडला की शरीराची सवय मोडते आणि जुना डोस एकदम घेतला तर रक्तदाब कोसळतो, परत थेंबाथेंबाने सुरू करावं लागतं.

पुढच्या हिवाळ्यात ही मंडळी दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला आली, देवरामही. एका सकाळी वॉर्डाचा फोन वाजला. देवरामच होता. गोळ्यांची पिशवी घरी राहिली होती, तीन दिवस घेतल्या नव्हत्या, आता गावाकडून कुणी आणून दिल्या होत्या. बागेतले सगळे म्हणत होते, घे लवकर, तीन दिवसांच्या एकदम घे. तो म्हणाला, "बरदर, घेऊ का नको? मला वाटतं जड व्हतील." मी म्हटलं, एकही घेऊ नको, बस पकडून ये. चार दिवस वॉर्डात ठेवून परत पायरीपायरीने सुरू केलं. त्याने फोन केला नसता तर त्या बागेत काय झालं असतं, याचा मी फार विचार करत नाही.

नोकरीचा शेवटचा आठवडा होता. शाल-नारळाची तयारी चालली होती आणि मला त्या भाषणांची धडकीच भरली होती. त्याच आठवड्यात देवराम महिन्याच्या रक्तासाठी आला. एकटा, सुरगाण्याहून जीप, मग एसटी. अंगाने भरलेला, हाताला भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, चिखलाने चिरा पडलेल्या. म्हणाला, या साली आवणी पुरी केली, एक दिवस सुटला नाही. कानातला अजून आहे का, असं मी विचारलं. कधीमधी असतो म्हणाला, पण आता त्याला कुणी विचारत नाही.

मी कपाटातून त्याची जुनी फाईल काढली. ते पान मला न शोधता सापडलं, इतक्या वेळा मी ते उघडलं होतं. त्याला समोर बसवलं आणि वाचून दाखवलं: रुग्ण गोळी घेण्यास टाळाटाळ करतो. तोंड तपासले. लक्ष ठेवावे.

त्याने ऐकलं. पानावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये माझ्यावर लिवलंय?"

मी म्हटलं, हो. मीच लिहिलंय आणि ते खोटं आहे.

"मग खरं लिवा."

जुनी नोंद खोडता येत नाही, तसा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण आजची तारीख घालून नवीन नोंद करता येते. मी पेन उघडलं आणि काय लिहू म्हणून विचारलं. देवरामने थोडा विचार केला. मग तो सांगत गेला आणि मी त्याच्या शब्दांत लिहीत गेलो.

"गोळी जड झाली व्हती. देवराम बोलला व्हता."

मी खाली सही केली. त्याने मला ते दोनदा वाचायला लावलं. मग शर्टाची बाही वर सारली आणि रक्त घ्यायला हात पुढे केला.